पहिल्या दोन तासिका

आमच्या मुलीची पोटदुखी सुटीच्या दिवशी कधी आली नाही. रविवारी सकाळी ती आजीबरोबर परसात फिरायची, दुपारी माशाची कढी ओरपायची. संध्याकाळी दप्तर भरायची वेळ झाली की चेहरा उतरायचा. सोमवारी उजाडता उजाडता सुरू, "आई, पोटात दुखतंय." माझ्याकडे डाळ शिजली नाही तर आजीकडे, "आजी, म्हाका पोटांत दुखता." आमच्या घरात आजीशी कोंकणी, आईबाबांशी मराठी आणि शाळेत इंग्रजी असा कारभार. मुलीला घरी सगळे बाय म्हणतात, इथेही तेवढंच नाव पुरे.

आधी अर्थातच डॉक्टर. गोव्यात डिचोलीला मुलांच्या डॉक्टरांकडे रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं झालं, जंतांचं औषध झालं. रिपोर्ट बघायच्या आधीच त्यांनी विचारलं होतं: वजन उतरलंय का, रात्री दुखण्याने जाग येते का, शौचातून रक्त, ताप, उलट्या? सगळ्याला नाही. रिपोर्टही स्वच्छ आले. मग ते बायकडे वळून म्हणाले, "तुझं पोट खरंच दुखतंय, तू नाटक करत नाहीस. फक्त दुखण्याचं कारण पोटात नाही." इतके दिवस घरात आणि शेजारीपाजारी "नाटकं" हा शब्द इतक्या वेळा बोलला गेला होता की त्या एका वाक्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. बाय चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकली. गोव्यात हे नवं नाही. १९९० पासून अनुदान प्रादेशिक भाषेतल्या प्राथमिक शाळांना, असं धोरण होतं. २०११ नंतर इंग्रजी प्राथमिकलाही त्याची वाट मोकळी झाली, पण आमच्यासारख्या गावात मुलं अजून मराठीतून पाटी धरतात आणि पाचवीला हायस्कुलात गेली की एका सुटीत इंग्रजी माध्यमाची होतात. बहुतेकांना ते जमतं. बायनेही पाचवी-सहावी पाठांतरावर रेटली. सातवीत उभं राहून धडा वाचायची पाळी आली, एक शब्द चुकला, वर्ग हसला. हसणं एखाद्या दिवसाचं असतं तर विरलं असतं. तो चुकलेला शब्द पोरांनी तिला टोपणनाव म्हणून चिकटवला आणि मधल्या सुटीत, बसमध्ये, पाण्याच्या नळाशी तेच.

एवढ्याने मूल शाळा सोडतं का, असं मला पुष्कळांनी विचारलं. एवढ्याने सोडत नसावं. बाय मुळातच काळजी करणारी. त्याच वर्षी आजोबा गेले, माझी साखळी गावच्या पतसंस्थेतली नोकरी नवी होती, मी उशिरा घरी यायचे. सगळ्याची गोळाबेरीज त्या एका तासिकेला झाली, असं आता वाटतं.

तेव्हाच्या शाळेने पहिला महिना धीर धरला. नंतर बोलावून सांगितलं की हजेरी भरत नाही, तर थोडे दिवस घरीच ठेवा, नाहीतर दाखला घेऊन जा. दाखल्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती आम्हाला एका ओळखीच्या शिक्षकांकडून कळली: शिक्षणहक्क कायद्यात (२००९) सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. आम्हाला पुढे हे उपयोगी पडलं.

त्या शाळेतही एक माणूस भेटलं, ते म्हणजे काउन्सेलर मॅडम. आपल्याकडे गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून शाळांना समुपदेशक मिळतात, पण एकीच्या वाट्याला एकाहून अधिक शाळा. त्यामुळे त्यांचा वार गाठावा लागे. त्यांनी आधी आम्हा दोघांना बसवून स्पष्ट केलं की बाय जे सांगेल ते त्यांच्यापाशीच राहील. अपवाद दोन: तिच्या जिवाला धोका असेल तर, किंवा कुणी तिला त्रास देत असेल तर. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं त्यांना बंधनकारकच आहे. मग त्या बायला घेऊन आत गेल्या आणि आम्ही बाहेरच्या बाकावर. आत काय निघेल या विचाराने माझ्या हातापायाला कंप सुटला होता. तसलं काही निघालं नाही.

त्यांनी एक पंचवीस वाक्यांची प्रश्नावली भरून घेतली. एक आम्ही, एक वर्गशिक्षिकेने, एक बायने स्वतः. अकरा वर्षांच्या पुढचं मूल स्वतःची भरू शकतं. तिन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा गंमत कळली. आमच्या आणि बायच्या कागदावर काळजी, पोटदुखी, भीती या ओळींना खुणाच खुणा; टीचरांच्या कागदावर जवळजवळ काहीच नाही. त्यांचं चुकलं असं नाही. साठ-सत्तर डोळ्यांच्या वर्गात जे मूल आरडत नाही, मारत नाही, वही पूर्ण करतं, ते कुणाला दिसणार? आपल्या शाळांत दंगेखोर मुलाची दखल पहिल्या आठवड्यात घेतली जाते, आणि गप्प मुलाला प्रगतिपुस्तकात "शांत व समजूतदार" असा शेरा मिळतो. बायच्या प्रगतिपुस्तकात तो तीन वर्षं ओळीने आहे.

काउन्सेलर मॅडमनी चिठ्ठी दिली ती बांबोळीची. गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या परिसरात मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आयपीएचबी. हे ऐकून सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या. त्यांच्या पिढीच्या मनात अजून पणजीच्या आल्तिनो टेकडीवरचं जुनं इस्पितळ आहे. त्याला नाव आबे फारियांचं होतं, म्हणजे कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या त्या गोंयकार पाद्रीचं, ज्याने पॅरिसमध्ये बसून सांगितलं की संमोहनात कसलाही चुंबकी प्रवाह वाहत नाही, काम करते ती सूचना आणि माणसाचं स्वतःचं मन. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे, एका बाईला संमोहित करतानाचा. बांबोळीहून परतताना बायने विचारलं, "तो त्या बाईला काय करतोय?" मी मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. "म्हणजे मनाचा डॉक्टर?" म्हणाली. म्हटलं, तसंच काहीसं. ज्या गावाने असल्या माणसाचा पुतळा भर रस्त्यात उभा केला, तिथे "बांबोळीला नेलं" हे वाक्य आम्ही आवाज खाली करून बोलतो, हे मला त्या दिवशी जरा विनोदी वाटलं.

ओपीडीत गर्दी होती, वेळ लागला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी झोप, जेवण, पाळी, घरातली माणसं सगळं विचारलं आणि आमच्यासमोरच सरळ विचारलं, "मरून जावंसं वाटतं का?" मी दचकले. बायने मान हलवून नाही म्हटलं. विचारल्याने मुलांच्या डोक्यात तो विचार भरत नाही, उलट विचार असेल तर बोलायला वाट मिळते, असं त्यांनी नंतर आम्हाला समजावलं. निदान चिंताविकाराचं. तिच्या बाबांना गोळी हवी होती. गोळी म्हणजे आजार आणि आजार म्हणजे बरं होणं, असा त्यांचा हिशोब. डॉक्टर म्हणाले की गरज पडली तर औषध आहे, पण आधी सायकॉलॉजिस्टबरोबर बसून काम करू.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पतसंस्थेच्या पावतीमागे लिहून घेतलं होतं. शाळेचा विचार आला की पोट दुखतं. घरी राहायला मिळालं की थांबतं. ही जी सुटका आहे ना, तीच भीतीला दरवेळी खतपाणी घालते. दुसऱ्या दिवशी शाळा आणखी अवघड होते, आणि जितके दिवस घरी तितका परतीचा चढ उभा. "बरी झाली की शाळेत पाठवू, असा क्रम लावू नका," ते म्हणाले. "शाळेत जाणं हा उपचाराचाच भाग आहे. फक्त किती जायचं ते मोजूनमापून ठरवू."

आता मोजूनमापून शाळेत घेणारी शाळा कुठे मिळायची? आम्ही डिचोली, साखळी, म्हापसा असं विचारत फिरलो. एका ठिकाणी म्हणाले, आमच्याकडे तशी मुलं नाहीत. मला तिथल्या मुलांचीच काळजी वाटली. दुसऱ्या ठिकाणी व्हरांडाभर मानसिक आरोग्याची चित्रं लावलेली, पण सकाळी उशिरा आलेल्या पोरांना भर प्रार्थनेत वेगळं उभं केलेलं. तिथून आम्ही चहाही न घेता उठलो.

जी शाळा मिळाली ती फार मोठी नाही. हेडमिस्ट्रेस बाईंनी गुण विचारले नाहीत. "सकाळी उठल्यापासून दारातून बाहेर पडेपर्यंत काय काय होतं, तेवढं सांगा," म्हणाल्या, आणि लिहीत राहिल्या. पुढच्या बैठकीला त्यांनी वर्गशिक्षिका, त्यांच्याकडच्या काउन्सेलर, ग्रंथपाल आणि गेटवरचे प्यून काका, सगळ्यांना बोलावलं. प्यून काकांना कशाला, असं मला वाटलं होतं. पण गेटवर पहिलं तोंड त्यांचंच दिसणार होतं.

शिवणकामाची जुनी खोली त्यांनी मोकळी करून ठेवली आहे. चटई, खिडकीशी टेबल, शाडूची माती, चित्रकलेचे कागद, एक वाळूचं घड्याळ. भिंतीवर सुविचार नाहीत, हे मला विशेष आवडलं. वर्गात जीव घाबरा झाला तर मुलाने टीचरना हिरवं कार्ड दाखवायचं आणि इथे यायचं. का, कशाला, कुणी विचारायचं नाही. पण इथे बसून दिवस काढता येत नाही. घड्याळ उलटायचं, वाळू खाली गेली की पुन्हा उलटायचं, आणि मग काउन्सेलर विचारतात, वर्गात एकटी जातेस की मी दारापर्यंत येऊ? घरी जाणं हा पर्याय त्या प्रश्नात नसतोच.

सगळं एका कागदावर उतरलं. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी बाजूच्या गेटने आत यायचं आणि थेट वाचनालयात. सुरुवातीला फक्त पहिल्या दोन तासिका. बाक दाराजवळचा. मोठ्याने वाचायला उभं करायचं नाही. त्याऐवजी घरी फोनवर वाचून पाठवायचं. खाली आमच्या, टीचरांच्या आणि बायच्याही सह्या. बाबांनी विचारलं, याला दिव्यांग प्रमाणपत्र लागेल का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत मानसिक आजारही आहे आणि ठरावीक लाभांना चाळीस टक्क्यांची अट आहे, हे त्यांनी कुठूनतरी वाचून काढलं होतं. बाई म्हणाल्या, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करा असं तोच कायदा शाळांना सांगतो, आणि बाक दाराजवळ हलवायला मला कुणाच्या शिक्क्याची गरज नाही. डॉक्टरांचं पत्र फाइलला लावा. दहावीच्या बोर्डाच्या वेळी काय कागद लागतील ते तेव्हा बघू.

कागदातलं एक कलम मात्र माझ्यासाठी होतं, आणि ते सगळ्यांत कठीण. पोट दुखलं म्हणून शाळा घरी फोन करणार नाही. ताप, उलटी, काही लागलं तर करील. नुसत्या दुखण्यासाठी नाही. आणि मीही शाळेला फोन करायचा नाही. सही करताना माझा हात थबकला. आधीच्या शाळेतून फोन आला की मी खुर्ची मागे सारून निघत असे. साखळीहून डिचोली, मिळेल त्या बसने. मला वाटायचं आईने धावायचं नाही तर कुणी? सायकॉलॉजिस्ट मॅडमनी बायसमोरच विचारलं, "आई आली की काय होतं?" बाय म्हणाली, "थांबतं." "आणि आई येईपर्यंत?" "वाढतं." मग मी सही केली.

पहिल्या सकाळी बाय गेटपर्यंत आली आणि माझ्या ओढणीला धरून उभी राहिली. प्यून काका आले, नमस्कार नाही, चौकशी नाही, म्हणाले, "बाय, वाचनालयाची चावी घट्ट जाल्या, मात्शें धर गो." तिने ओढणी सोडून चावी धरली. चावी खरंच घट्ट होती की बैठकीत ठरलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. मी बसस्टँडवर जाऊन बसले. फोन हातात, करायचा नाही. कदंबच्या बसगाड्या येत होत्या, जात होत्या. दोन तासिका संपल्यावर ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक होता, पण आली ती चालत, रडत नाही. "दुखलं?" मी विचारलंच. "दुखलं. मग इतिहासाच्या वेळी थांबलं." घरी न येताच दुखणं थांबल्याची ही पहिली खेप.

बांबोळीला दर आठवड्याला शिडी लिहिली जाई. कशाची किती भीती ते शून्य ते दहात मांडायचं आणि खालच्या पायरीपासून सुरू करायचं. गेट चार, वर्ग सहा, वाचन दहा, हे आम्हाला अपेक्षित होतं. मधली सुटी नऊ निघाली! तासिकेला निदान कुठे बसायचं, कुठे बघायचं ते ठरलेलं असतं. सुटीत काहीच ठरलेलं नसतं. म्हणून सुटीत तिला वाचनालयात पुस्तकांना नंबर लावायचं काम मिळालं, आणि जोडीला वर्गातली एक मुलगी. त्या दोघींची मैत्री झाली ती डिंकाच्या बाटलीवरून भांडून.

वाचनाची पायरी हळू चढली. आधी घरी फोनवर, मग टीचरांना एकटीने, मग दोघी मैत्रिणींसमोर. मधेच पालक-शिक्षक संघाच्या सभेत एका पालकांनी विचारलं की ठरावीक मुलांना वाचनातून सूट कशी? बाईंनी नाव काढलं नाही, वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यापासून फोनवर वाचून पाठवायची सोय त्यांनी अख्ख्या वर्गाला खुली केली. ती घेणारी मुलं कितीतरी निघाली, त्यांत विचारणाऱ्या पालकांचा मुलगाही, असं डिंकवाल्या मैत्रिणीकडून कळलं.

सगळं सरळ गेलं नाही. एकदा टीचर रजेवर होत्या, प्रॉक्सीला आलेल्या सरांना कागदाची कल्पना नव्हती, त्यांनी बाकानुसार वाचायला लावलं. बायने हिरवं कार्ड दाखवलं, सर म्हणाले, आधी वाच, मग जा. त्या दिवशी ती घरी येऊन न जेवता झोपली. मी कळवल्यावर शाळेने आरडाओरडा न करता एक गोष्ट केली: अशा मुलांच्या कागदाची प्रत आता प्रॉक्सीच्या रजिस्टरातच अडकवलेली असते.

त्याहून मोठी घसरण चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुटीनंतर झाली. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, पाहुणे आले, आरत्या, फुगड्या, बाय अगदी पूर्वीची. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी आधीच बजावलं होतं की लांब सुटीनंतर चढ पुन्हा लागतो. तरी शाळेच्या आदल्या रात्री तिला जे झालं ते पाहून मी हादरले. श्वास लागेना, हात गार, "आई, हांव मरतलें" म्हणून आजीची भाषा तोंडात आलेली. त्या वेळी कुणाला उठवायचं? १४४१६ आठवला, टेलिमानसचा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून मानसिक आरोग्याची ही सरकारी फोनसेवा रात्रंदिवस चालू असते, पैसे पडत नाहीत. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. फोन स्पीकरवर ठेवायला लावला, बायला पाय जमिनीवर घट्ट टेकवायला सांगितले, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दे म्हणाल्या, आणि ही लाट चढते तशी उतरते हे दोनदा सांगितलं. उतरली. सकाळी आम्ही कागदावर मागे आलो, पुन्हा दोन तासिका. बाबांचा चेहरा पडला होता, पण या वेळी दोनावरून मधल्या सुटीपर्यंत आणि तिथून पूर्ण दिवसापर्यंत जायला पहिल्याइतका वेळ लागला नाही.

कुणी विचारतं, याला खर्च किती आला. सरकारी इस्पितळात पैशांचा भार फारसा नव्हता. खर्च झाली ती माझी रजा. ज्या आईबापांची रोजंदारी आहे त्यांनी दर आठवड्याला सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून बांबोळी कशी गाठायची, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. शाळेतच काउन्सेलर रोज बसली तर यातला निम्मा प्रवास वाचेल, एवढं मात्र मी कुठल्याही सभेत उठून सांगायला तयार आहे.

आता बाय आठवीत आहे. वर्ष सुरू होताना कागदाची बैठक पुन्हा झाली, या वेळी तीही बसली. बाजूचं गेट तिने स्वतः खोडलं. दाराजवळचा बाकही नको म्हणाली, पंख्याखालचा हवा. हिरवं कार्ड ठेवायचं. फोनचं कलमही ठेवायचं म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. वर्गात ती आता आपल्या पाळीला वाचते, आवाज बारीक असतो, एखादा शब्द अडतो.

परवा टीचरांनी तिला विचारलं, गॅदरिंगला सूत्रसंचालन करशील का? तिने नाही म्हणून सांगितलं. हे नाही भीतीचं की आवडीचं, मला कळेना. बांबोळीला विचारायचं म्हणून मी वहीत टिपून ठेवलं. बायने ते वाचलं आणि खाली लिहिलं, "विचारू नको. मला नाटकात काम पाहिजे."